जहाजावरचा राग

तुरीचा भाव पडला की शिव्या कोणाला द्यायच्या, याचा क्रम आमच्या आळंद तालुक्यात ठरलेला आहे. आधी दलाल, मग सरकार, मग जहाज. गुलबर्ग्याच्या नेहरू गंजात आमची छोटी अडत असल्यामुळे पहिल्या जागेवर मी स्वतःच बसलेला. साहजिकच मी थेट जहाजावर यायचो. गावाकडे कोरडवाहू रान आहे, त्यात तूरच असते, म्हणजे रागवायचा हक्कही होता. आफ्रिकेतून, बर्म्यातून स्वस्त तूर घेऊन येणारं जहाज आमच्या घराचा वैरी आहे, असं मी बरीच वर्षं मानलं आणि बोललोही. एका शेतकरी मेळाव्यात माईक हातात आल्यावर ‘ती तूर समुद्रात बुडवा’ असं म्हणालो होतो. टाळ्या चांगल्या पडल्या. आज मी ते वाक्य म्हणणार नाही. का म्हणणार नाही ते सांगतो, पण एक आधीच स्पष्ट करतो, मी आयातदारांचा वकील झालेलो नाही.

आळंद म्हटलं की पुण्याकडच्या पाहुण्यांना ज्ञानोबांची आळंदी आठवते. ती नव्हे. आमचं आळंद कर्नाटकात, अक्कलकोट-उमरग्याला लागून. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि जुन्या दस्तांत उर्दू. कुठल्याही रस्त्याने निघा, चारशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांपैकी अनेकांनी तो पाहिलेलाही नाही. अशा मुलखात जहाज ही दूरची, परकी गोष्ट वाटते, आणि परक्यावर राग धरणं सोपं असतं.

रागाला कारण नव्हतं असं नाही. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास शहरांत तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली. डाळ पहिल्या पानावर आली. सरकार घाबरलं, आणि घाबरलेलं सरकार नेहमी दोनच कामं करतं: गोदामांवर धाडी घालतं आणि बाहेरून माल मागवतं. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान मोझांबिकला गेले तेव्हा तिथून डाळ घेण्याचा करार झाला. इकडे आमच्या लोकांनी त्या भावाला भुलून बांधापर्यंत तूर पेरली, पाऊसही मनासारखा झाला, आणि २०१६-१७ ला देशात तुरीचं विक्रमी पीक आलं. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये, आणि गंजातले सौदे चार हजारांच्या आसपास. खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला. माझं भाषण त्याच काळातलं. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली, तेव्हा आपण जिंकलो असं आम्हाला वाटलं.

पुढचा हंगाम आला. दार जवळजवळ लोटलेलं, जहाजातून उतरणारी तूर अगदी कमी. हमीभाव वाढून ५,४५० झालेला. बाजार मात्र त्याच्या हजारेक रुपये खालीच रेंगाळला. आधीच्या वर्षाची तूर गोदामांत पडून होती, सरकारचीही आणि व्यापाऱ्यांचीही. ज्याला शिव्या देत होतो ते जहाज आता वाटेत नव्हतं, तरी भाव उठत नव्हता. गंजातल्या लोकांनी यावर फार विचार केला नाही, नवा आरोपी शोधला. माझ्या मनात मात्र तिथे पहिली फट पडली.

दुसरी गोष्ट मला आधीपासून माहीत होती, फक्त तिच्याकडे मी त्या नजरेने पाहिलं नव्हतं. काबुली हरभऱ्यासारखे थोडे अपवाद सोडले तर २००६ पासून आपल्या देशातून डाळी बाहेर पाठवायला बंदी होती. ती पूर्णपणे उठली नोव्हेंबर २०१७ मध्ये. म्हणजे अकरा वर्षं जहाजं आमच्याकडे डाळी आणायला मोकळी आणि आमच्या डाळी न्यायला बंद. दुबईतल्या, मस्कतमधल्या, न्यू जर्सीतल्या घरांत गुलबर्ग्याची डाळ शिजू शकली असती, त्यांना ती हवीही होती, पण पाठवता येत नव्हती. एकाच बाजूने चालणाऱ्या व्यवहारात समोरचा लुटारू वाटणारच. यात जहाजाचा काय दोष? ते दोन्ही बाजूंना जातं. एक बाजू आपणच बंद केली होती.

माझा भाचा पनवेलला कस्टम क्लिअरिंगच्या कामात आहे. एका लग्नात मी नेहमीचं पुराण लावलं तेव्हा तो म्हणाला, “मामा, ज्या जहाजाला शिव्या देता त्याचा कागद तरी एकदा वाचा.” मी गेलो. त्याच्या टेबलावर बसून जे वाचलं ते माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा उपयोगी ठरलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझी कल्पना होती की तुरीने काठोकाठ भरलेलं एक जहाज निघतं आणि मुंबईला येऊन रिकामं होतं. कॅनडा-रशियाचा पिवळा वाटाणा तसा येतो, सुटा, जहाजाच्या पोटात ओतलेला. आफ्रिकेची तूर मात्र पोत्यांत, आणि पोती वीस फुटी कंटेनरांत. एका कंटेनरात साधारण चोवीस टन, म्हणजे पन्नास किलोची ४८० पोती. जहाजावर असे हजारो डबे असतात, त्यांतले थोडे तुरीचे, बाकी कुठे काजू, कुठे लाकूड, कुठे भंगार. जहाजाचा मालक ग्रीक, झेंडा लायबेरियाचा, खलाशी फिलिपिन्सचे आणि आपल्या कोकणातले, विमा लंडनचा, असा मामला सर्रास असतो. मी ज्याच्यावर इतकी वर्षं तोंड सोडलं ते ‘तुरीचं जहाज’ मुळात नव्हतंच. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरात रात्रंदिवस डबे उतरतात आणि चढतात. क्रेन चालवणाऱ्याला आत काय आहे हे ठाऊक नसतं, आणि ठाऊक असण्याची गरजही नसते.

मग तो कागद, बिल ऑफ लेडिंग. हा एकच कागद तीन कामं करतो. जहाजवाल्याला माल मिळाल्याची ती पावती, माल अमुक बंदरात पोचवण्याच्या कराराचा तो पुरावा, आणि मालावरच्या हक्काचा तो दस्त. सहसा तीन मूळ प्रती निघतात आणि मूळ प्रत दाखवल्याशिवाय माल सुटत नाही. कागद ‘टू ऑर्डर’ असेल तर मागे सही करून तो दुसऱ्याला देता येतो, म्हणजे तूर समुद्रात असतानाच विकता येते. ती इथे पोचेपर्यंत वाटेत तिचे मालक बदललेले असू शकतात. हुंडीच्या बाजारात वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने हेच केलं, फक्त बैलगाडीच्या मालावर. आपल्याकडे या कागदाचा कायदा १८५६ सालचा होता, तो बदलून २०२५ मध्ये नवा आला. मला तो जुना कायदा होता हेही माहीत नव्हतं.

विकणारा मोझांबिकच्या नाकाला बंदरात, घेणारा मुंबईत, एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. विश्वास कोणी ठेवायचा? मध्ये बँक येते, तिच्या लेटर ऑफ क्रेडिटसह. पण बँक माल बघत नाही, कागद बघते. इनव्हॉइसवर ४८० पोती आणि बिल ऑफ लेडिंगवर ४०८ लिहिली गेली, तर तूर कितीही सुरेख असो, बँक पैसे अडवू शकते. गंजात आम्ही मूठभर दाणे तळहातावर घेऊन, एखादा दाताखाली फोडून सौदा करतो. तिथे नजर अक्षरांवर. मला आमची पद्धत अजूनही आवडते, पण तिच्यावर पाच हजार किलोमीटर पलीकडचा व्यापार होणार नाही हे मान्य.

भावाचीही एक गंमत. गंजात लोक मोबाइलवर बघून सांगतात, “आज अमुक डॉलर.” कुठपर्यंतचे डॉलर, हे कोणी विचारत नाही. एफओबी असेल तर तिकडच्या बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतचाच तो भाव, पुढचं भाडं आणि विमा घेणाऱ्याच्या माथी. सीआयएफ असेल तर आपल्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा भावातच धरलेला. मी म्हटलं, म्हणजे सीआयएफमध्ये घेणारा निर्धास्त. भाचा हसला. सीआयएफमध्येसुद्धा माल तिकडे जहाजावर चढला की जोखीम घेणाऱ्याचीच. भाडं एकाने भरायचं आणि धास्ती दुसऱ्याने खायची. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने हे नियम पहिल्यांदा १९३६ मध्ये बांधून दिले, तेव्हापासून वेळोवेळी सुधारत जग त्यांवर चाललं आहे. म्हणजे माझ्या भाषणात आफ्रिकेच्या तुरीचा जो ‘भाव’ मी सांगायचो, त्यात समुद्राचं भाडं, विमा, बंदराचा खर्च, पनवेल ते गुलबर्गा ट्रक, यातलं काहीच नसायचं. समोरच्यांना तूर आहे त्याहून स्वस्त वाटायची आणि टाळ्या वाढायच्या.

भाड्याचा हिशेब मात्र माझ्या अंदाजाच्या उलट निघाला. इतक्या लांबून येणाऱ्या मालाचं भाडं प्रचंड असेल असं वाटायचं. पण किलोमीटरमागे पाहिलं तर समुद्र ट्रकच्या कितीतरी खाली आहे. देशाच्या परदेश व्यापाराचा, वजनाने मोजला तर, जवळजवळ ९५ टक्के भाग समुद्रमार्गे होतो तो त्याचमुळे. मार बसतो तो दोन्ही टोकांना, जमिनीवर. बंदरात ठरलेल्या मोफत दिवसांपेक्षा डबा जास्त राहिला तर डेमरेज, बाहेर नेऊन वेळेत रिकामा परत केला नाही तर डिटेन्शन. कीडमुक्तीच्या दाखल्यात काही चूक निघाली तर डबा थांबला, आणि डबा थांबला की मीटर सुरू.

एक नियम वाचून मात्र मी खरोखर ओशाळलो. जहाज संकटात सापडलं आणि ते वाचवण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला, तर त्या मालाची किंमत ज्यांचा माल वाचला त्या सगळ्यांनी मिळून भरून द्यायची. याला जनरल ॲव्हरेज म्हणतात आणि हा रिवाज फार प्राचीन आहे. २०२१ च्या मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं अडकलं, त्यानंतर हाच नियम पुकारला गेला. ज्यांच्या मालाला खरचटलंही नव्हतं त्यांच्याही गळ्यात सुटकेच्या खर्चाचा वाटा पडला. तूर समुद्रात बुडवा म्हणणाऱ्या माणसाने हे वाचावं असं कोणीतरी योजलंच होतं जणू.

पनवेलहून परत आल्यावर दालमिलवाल्यांकडे वेगळ्या कानाने ऐकू लागलो. लेमन, गजरी, मटवारा, अरुषा ही नावं भावपत्रकात रोजची. लेमन बर्म्याची, गजरी मोझांबिकची, मटवारा आणि अरुषा टांझानियाची. २०२२ च्या हंगामात आमच्या भागात मर रोगाने, कन्नडात ज्याला नेटे रोग म्हणतात त्याने, शेंगा भरण्याच्या वेळेला उभी तूर वाळली. माझ्याही रानात काड्याच राहिल्या. त्या वर्षी गुलबर्ग्याच्या कितीतरी मिलांचे पट्टे फिरत राहिले ते याच परदेशी नावांवर. मिल बंद पडली असती तर हमाल, चाळणीवरच्या बायका, ट्रकवाले कोणाच्या दारात गेले असते? आमच्याच. आमच्या डाळीला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं. आता बाहेरची तूर भरडून कोणी तिला गुलबर्ग्याचं नाव लावत असेल तर ती लबाडी जमिनीवरची आहे, तिचा बंदोबस्तही जमिनीवरच व्हायला हवा.

मलावी या देशाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. आफ्रिकेतला हा छोटा देश आमच्यासारखाच समुद्रापासून आत आहे. तिथली तूर आधी शेजारच्या मोझांबिकमधून रेल्वेने किंवा ट्रकने नाकाला, बैरा अशा बंदरांत जाते, तेव्हा कुठे जहाज बघते. पिकवणारे बहुतेक लहान शेतकरी, पावसावर अवलंबून. भारताने २०१७ मध्ये दार लोटलं तेव्हा पूर्व आफ्रिकेत तुरीचे भाव कोसळले, लोकांनी तूर पेरणं कमी केलं. आणि चारच वर्षांत, मे २०२१ मध्ये, आपण आयात पुन्हा खुली केली, आणि पाठोपाठ मलावीकडून वर्षाला पन्नास हजार टन आणि बर्म्याकडून एक लाख टन तूर घेण्याचे करार केले. इकडच्या शेतकऱ्याला जसं झुलवलं तसंच तिकडच्यालाही. मी ज्याला पाडायला निघालो होतो तो माझ्यासारखाच कोणीतरी आभाळाकडे बघत बसलेला. याने माझा भाव वाढत नाही, हे खरं. पण वैरी म्हणून त्याचा फोटो आता मला लावता येत नाही.

आणि मी तरी काय जहाजाशिवाय शेती करतो? तुरीला पेरताना डीएपी टाकतो. पोटॅश आपल्या देशात जवळजवळ निघतच नाही, ते बाहेरून येतं. डीएपीचा मोठा भाग बाहेरून, आणि इथे बनतं त्याचाही कच्चा माल बाहेरून. २०२४ च्या रब्बीत सोसायट्यांपुढे खतासाठी पहाटेपासून रांगा लागल्या, तेव्हा चीनने निर्यात आवळलेली होती आणि तांबड्या समुद्रात हूती बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, साडेसहा हजार किलोमीटर जास्त चालून येत होती. येमेनजवळ सुटलेल्या क्षेपणास्त्राचा धक्का आळंदच्या सोसायटीच्या रांगेत बसला. बिदरजवळच्या कोळार वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत, आणि देशाच्या औषध उद्योगाचा बराच कच्चा माल चीनहून जहाजानेच येतो. आम्ही समुद्रापासून लांब आहोत ते फक्त नकाशावर.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त हलवलं ते यानेच. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन गलबताने चौलला उतरला. का घोडा? दख्खनच्या हवेत चांगली पैदास होत नाही, सुलतानांच्या फौजांना इराणी-अरबी घोडेच लागत, आणि ते येत समुद्रातून. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, धर्म बदललास तर घोडाही देतो आणि वर सोन्याची नाणीही, असं म्हणाला. एका खुरासानी माणसाच्या मध्यस्थीने तो सुटला. पण घोडा काही लगेच खपला नाही. वर्षभर पोसून शेवटी तो बिदरला विकला गेला, आणि चाऱ्याच्या खर्चाचं त्याचं रडगाणं वाचताना मला भाच्याच्या टेबलावरचं डेमरेजचं बिल आठवलं. परतीला न्यायला आपल्या देशाच्या उपयोगाचा माल मिळत नाही, जकाती जबर आहेत, समुद्रावर चाचे आहेत, हीही त्याची तक्रार. आजचा कोणताही निर्यातदार हेच सांगेल.

याच निकितीनने एका जत्रेचं वर्णन केलं आहे. शेख अलाउद्दीनच्या नावाने वर्षातून एकदा भरणारा, दहा दिवस चालणारा बाजार, सगळ्या मुलखातून लोक येतात, आणि विक्रीला वीस हजारांपर्यंत घोडे. गाव कुठलं? आळंद! ज्या लाडले मशाईखांच्या दर्ग्यावरून मी लहानपणापासून जातो-येतो, तिथली ही जत्रा. आकडा फुगवलेला असेल. व्यापारी आकडे फुगवतात, मी जाणतो. पण त्यातले चांगले घोडे होर्मुझच्या वाऱ्यावर आलेले होते, यात शंका घ्यायला जागा नाही. ज्या गावात उभं राहून मी जहाजाला परकं म्हटलं, ते गाव सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी जहाजाच्या मालावर बाजार भरवत होतं.

बिदरला तर काय विचारता. महमूद गवान १४५३ मध्ये इराणच्या गिलानहून व्यापारी म्हणून दाभोळला उतरला आणि बहामनी राज्याचा वजीर झाला. मलिक-उत-तुज्जार, व्यापाऱ्यांचा प्रमुख, हा किताब त्याने वजीर झाल्यावरही मिरवला. संगमेश्वर आणि विशाळगडाकडच्या सरदारांच्या ताफ्यांकडून जहाजं लुटली जात, त्यांच्यावर त्याने स्वारी केली आणि १४७२ मध्ये गोवा घेतला. त्याच वर्षी त्याने बांधलेला बिदरचा मदरसा पुरा झाला. त्याचे अडते माल घेऊन ऑटोमन तुर्कांच्या बुर्सा शहरापर्यंत जात होते, अशी तिथल्या न्यायालयाच्या दप्तरात नोंद आहे. बिदरमध्ये बसून तुर्कस्तानात कापड विकणारा माणूस! मी मदरशाच्या आवारात शाळेच्या सहलीपासून जातो आहे, पण निळ्या टाइलांच्या तुकड्यांपलीकडे मला तिथे कधी काही दिसलं नव्हतं.

बनावट पत्राच्या आधाराने सुलतानाने त्याला ५ एप्रिल १४८१ रोजी मारलं. योगायोग असा की राष्ट्रीय सागरी दिनही ५ एप्रिललाच असतो. १९१९ मध्ये त्या दिवशी सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघालं, आणि कंपनी उभारणाऱ्यांत पुढे होते वालचंद हिराचंद, जन्माने सोलापूरचे. सोलापूर आमच्या शेजारचं, तितकंच कोरडं. गवाननंतर बहामनी राज्याची शकलं झाली, चौल निजामशाहीकडे गेलं, दाभोळ आणि गोवा आदिलशाहीकडे, आणि बिदरच्या बरीदशाहीच्या वाट्याला एकही बंदर आलं नाही. आम्ही समुद्र विसरलो तो तेव्हापासून, असा माझा तर्क आहे. इतिहासकाराने तो खोडला तरी माझी हरकत नाही.

मग आता माझं म्हणणं काय? जहाज येऊ द्या आणि शेतकऱ्याने गप्प बसावं? मुळीच नाही. माझा राग गेलेला नाही, त्याने जागा बदलली आहे. तुरीची पेरणी जून-जुलैत, रास डिसेंबर-जानेवारीत. आफ्रिकेत पीक आपल्या पावसाळ्यात निघतं आणि इथे सप्टेंबरपासून पुढे पोचतं, म्हणजे आमची रास होण्याच्या तोंडावर. ही निसर्गाची गोष्ट झाली, तिच्यावर इलाज नाही. पण २०२५ मध्ये काय झालं? शुल्कमुक्त आयातीची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढवल्याचा आदेश निघाला ऐन जानेवारीत, तूर खळ्यावर असताना. बाजार ७,५५० च्या हमीभावाखाली घसरला. पिवळ्या वाटाण्याचं शुल्क डिसेंबर २०२३ मध्ये शून्य केलं ते ‘थोड्या महिन्यांसाठी’, आणि मग मुदत वाढवत, वाढवत, वाढवत नेली. जूनमध्ये पेरणाऱ्या माणसाला जानेवारीतला नियम माहीत नसेल, तर तो शेती करत नाही, मटका खेळतो.

बंदीचंही तेच. २०२३ च्या अखेरीस नाकाला बंदरात निर्यातदारांचा आपसात वाद पेटला आणि भारतासाठीची तूर तिथे अडकून पडली. इथे भाव चढले, आम्ही खूश झालो. पण भाव असे अचानक चढले की सरकार पुन्हा घाबरतं, साठ्यांवर मर्यादा, शुल्कमाफी, आणखी करार, आणि पुढच्या वर्षी तेच आमच्या डोक्यावर आदळतं. २०१५ ते २०१७ मध्ये आपण हेच पाहिलं. मी बंदीसाठी घोषणा दिल्या, आणि बंदीने जो भाव चढतो तोच पुढच्या आयातीला आमंत्रण देतो, हे मला उशिरा कळलं. दार कायम उघडं नको, कायम बंदही नको. किती उघडं राहणार ते पेरणीआधी सांगा आणि मग वर्षभर त्याला हात लावू नका. हमीभावाच्या खाली माल पडणार नाही इतकं शुल्क लावा, पण मिरग निघायच्या आत लावा.

आळंद, बसवकल्याण, भालकी, चिंचोळीच्या आणि सीमेपलीकडच्या उमरगा, अक्कलकोट, उदगीरच्या शेतकरी कंपन्यांना माझी विनंती आहे. पुढच्या मेळाव्यात ‘आयात बंद करा’ हा ठराव करू नका, शुल्क मेअखेर जाहीर करा हा ठराव करा आणि आपापल्या खासदारांच्या हातात द्या, तिकडच्यांनी तिकडच्या आणि इकडच्यांनी इकडच्या. आणि जमलं तर आपल्या नावाने एक डबा गुलबर्ग्याच्या डाळीचा बाहेर पाठवून बघा, नुकसान झालं तरी कागद कसे चालतात ते कळेल. त्यासाठी लागणारा आयात-निर्यात कोड घरबसल्या ऑनलाइन मिळतो आणि त्याची सरकारी फी पाचशे रुपये आहे.